दात काढावा की राखावा?



वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली आणि तिचे लोण पुढे गावोगाव पोहोचले. या प्रथेच्या व्यासपीठांवरून राज्यकारभार, वाङ्मय, इतिहास आणि अध्यात्म यांवर आपण पुष्कळ ऐकलेले असेल. त्या मानाने दात हा विषय आपणांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याची दाढ मध्यरात्री ठणकली आहे, त्यास त्या घटकेला जगातील दुसरा कोणताही विषय सुचत नाही, हे येथे बसलेल्या बहुतेकांस स्वानुभवाने ठाऊक असेल.

आमचा आजचा प्रश्न सरळ आहे. दात किडला, सुजला, त्याच्या मुळाशी पू झाला; एकदा उपचार झाले, तरीही हिरडीवरची पुळी पुन्हा डोके वर काढू लागली. अशा वेळी तो दात काढून टाकावा, की राखावा? आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर बहुधा रोगी स्वतःच घेऊन येतो. गालाला रुमाल बांधून तो येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, एकदाची ही ब्याद काढून टाका." ब्याद म्हणजे त्याचा स्वतःचा दात! हे उत्तर नेहमीच बरोबर नसते, आणि दात राखण्याची एक शेवटची वाट पुष्कळदा शिल्लक असते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम दाताची किंमत काय, ते पाहू. पलूसच्या शिवारात बिघडलेला पंप कोणी विहिरीत टाकून देत नाही. शेजारी किर्लोस्करवाडीस १९१० सालापासून यंत्रांचा कारखाना उभा असल्यामुळे, कोणता भाग झिजला तेवढा बदलावा आणि यंत्र चालते करावे, ही बुद्धी या पंचक्रोशीच्या अंगी मुरलेली आहे. मग दाताच्याच बाबतीत आपण इतके उधळे का व्हावे? मुलाची बत्तिशी पूर्ण होईपर्यंत सतरा-अठरा वर्षे सहज जातात, आणि एकदा गेलेला कायमचा दात निसर्ग पुन्हा देत नाही.

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये अतिसूक्ष्म तंतूंची एक गादी असते आणि त्या गादीत जाणीव असते. भाकरीच्या घासात केसाएवढी कच आली तरी आपण चटकन थांबतो, ते या गादीमुळे. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रेनेमार्क यांनी टायटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ माणसाच्या जबड्यात बसविले आणि तेव्हापासून इम्प्लांट ही फार उपयुक्त सोय झाली आहे. तिची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु धातूच्या त्या मुळाभोवती ही गादी नसते. दात गेलेल्या माणसास इम्प्लांट ही देणगी होय; दात असलेल्या माणसाने मात्र केवळ तिच्या भरवशावर तो घालवू नये.

एक दात गेला म्हणजे एकच दात गेला, असेही होत नाही. मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, घास अडकू लागतात आणि तेथील हाड हळूहळू झिजते. बोलण्याची गोष्ट तर निराळीच. ज्या गावाच्या नावावरून पलुस्कर घराण्यास आडनाव मिळाले आणि ज्या घराण्यातील विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले, त्या गावाच्या लोकांस शुद्ध उच्चाराचे महत्त्व आम्ही काय सांगावे! त, थ, द, ध या अक्षरांना आपल्या व्याकरणात दंत्य म्हटले आहे. पुढचा दात गेलेल्या माणसास त्या नावाची सत्यता लगेच पटते.

आता दात आजारी कसा पडतो ते पाहू. बाहेरचे इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत दाताचा मुख्य पिंड, आणि अगदी आत एक पोकळी असते. या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेला मऊ, जिवंत गाभा असतो. हा गाभा मुळातून बारीक नलिकेने खाली जातो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रांतून त्याचा शरीराशी संबंध राहतो. कीड म्हणजे दाताला पोखरणारा किडा नव्हे. गोड आणि पिठूळ पदार्थांचे कण दातावर राहतात, त्यांवर जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो. गूळ, बेदाणे, बिस्किटे असे चिकटून राहणारे पदार्थ वरचेवर तोंडात टाकीत राहणे या दृष्टीने विशेष घातक.

कीड गाभ्यापर्यंत पोहोचली म्हणजे ठणका सुरू होतो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो, आणि येथेच रोगी फसतो. दुखणे थांबले म्हणजे बरे वाटले, असा त्याचा समज होतो. वस्तुतः गाभा मेलेला असतो. जंतू मग नलिकेच्या वाटेने मुळाच्या टोकापर्यंत उतरतात. तेथे हाडात सूज येते, हाड विरघळते आणि पू साठतो. तो पू वाट काढीत हिरडीवर पुळीच्या रूपाने फुटतो. आपल्या जुन्या वैद्यांनी ज्यास नाडीव्रण म्हटले, तोच हा. या सर्व अनर्थाच्या मुळाशी जंतूच आहेत हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगाने दाखवून दिले. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांना त्यांनी गाभ्यापर्यंत भोके पाडली, तरी गाभा जिवंत राहिला आणि भोक आतून बुजू लागले; साध्या उंदरांत मात्र गाभा मेला आणि मुळाशी पू झाला.

म्हणून उपचाराचे सूत्र ठरले. जंतूंचे घर रिकामे करा, स्वच्छ करा आणि दार पक्के बंद करा. यालाच आपण रूट कॅनॉल म्हणतो. दाताला वरून छिद्र पाडून मेलेला गाभा काढतात, नलिका औषधाने धुतात, ती रबरासारख्या पदार्थाने भरतात आणि वर कॅप बसवितात. बहुसंख्य दात एवढ्याने वाचतात. पण काही वाचत नाहीत. असे का व्हावे?

झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण दिसते. काढलेल्या हजारो दातांच्या नलिकांत त्यांनी रबर भरले आणि दाताचा भाग विरघळवून आतला साचा तेवढा बाहेर काढला. तेव्हा दिसून आले की, नलिका म्हणजे एक सरळ पाइप नव्हे. द्राक्षबागेत मुख्य पाइपापासून जशा ठिबकच्या नळ्या फुटतात, तशा तिला बारीक फांद्या फुटतात, आणि मुळाच्या टोकाजवळ त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. वरून कितीही कुशलतेने साफसफाई केली तरी एखाद्या फांदीत जंतू दडून राहू शकतात. कधी नलिका चुन्यासारखी बुजलेली असते. कधी पूर्वीच्या उपचाराचा तुकडा आत अडकलेला असतो. कधी दातात पिन घालून वर पक्की कॅप बसविलेली असते आणि ती पिन उपटावी तर मूळच तडकण्याची भीती असते.

असा दात पुढे आला म्हणजे वाटा तीन. पहिली, वरूनच पुन्हा एकदा रूट कॅनॉल करणे. शक्य असेल तेथे बहुधा हीच प्रथम चोखाळावी. दुसरी, वरचे दार बंदच ठेवून मुळाच्या टोकाशी हिरडीच्या बाजूने जाणे आणि तेवढे रोगट टोक कापून काढणे. तिसरी, दात काढणे. यांतील दुसऱ्या वाटेस अ‍ॅपिकोएक्टमी म्हणतात. आपण तिला मूलाग्रच्छेदन म्हणू. वसंतात आपल्या बागांत खरड छाटणी होते. छाटणारा वेलीवर रागावलेला नसतो. वेल राखावयाची असते म्हणूनच तो कात्री चालवितो. या शस्त्रक्रियेचाही भाव तोच आहे.

ही कल्पना आजची नव्हे. सुश्रुतसंहितेत दंतनाडीचे वर्णन आहे, आणि नाडी ज्या दाताशी झाली असेल तो दात काढावा असे तेथे सांगितले आहे. मात्र वरचा दात काढताना फार रक्तस्राव होऊन दृष्टी जाणे, तोंड वाकडे होणे असे विकार उद्भवतात, असा इशाराही तेथे आहे. वरचा दात काढला की डोळे जातात, ही आजही घरोघर ऐकू येणारी समजूत त्या इशाऱ्याशी किती जुळते, ते पाहावे. रक्त थांबविण्याची साधने तुटपुंजी होती त्या काळी असा इशारा देणे शहाणपणाचेच होते. आज मात्र आपण जाणतो की, दाताची संवेदना नेणारा मज्जातंतू निराळा आणि दृष्टीचा निराळा. नीट रीतीने काढलेल्या दातामुळे डोळा जात नाही. तेव्हा दात राखावा तो डोळ्यांच्या भीतीने नव्हे, दातासाठीच राखावा.

मुळाचे टोक कापून दात जागेवर ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील फॅरार यांनी १८८४ साली वर्णिली आणि जर्मन शल्यवैद्य पार्त्श यांनी १८९० नंतरच्या दशकात तिला शिस्त लावली. १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच वॉल्कहॉफ यांनी दातांचा फोटो घेतला. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांपुढे बसावे लागले, असे नमूद आहे. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन हे बधिर करणारे औषध आले; १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी त्याहून सरस लिडोकेन तयार केले.

पण मध्येच एक उलटा वारा सुटला. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील भाषणात घाणेरड्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्यांवर कडाडून टीका केली. टीका रास्त होती. परंतु तिच्यातून असे मत पसरले की, संधिवातापासून वेडापर्यंत सर्व रोगांचे बीज मेलेल्या दातांत आहे. मग काही दशके पाश्चात्य देशांत असंख्य दात उपटले गेले. रोग हटले नाहीत, दात तेवढे गेले. पुढे अधिक काटेकोर अभ्यास झाला तेव्हा हे मत मागे पडले. विज्ञानाच्या नावानेही भलतीच लाट येऊ शकते आणि पुरावा पाहणारेच तिच्यातून वाचतात, हा त्यातला धडा.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कशी होते ते सांगतो. कारण माणूस शस्त्रापेक्षा न कळलेल्या गोष्टीला जास्त भितो. प्रथम क्ष-किरण फोटो काढून मूळ, हाडातील पोकळी आणि आसपासच्या नसा पाहतात. गरज पडल्यास तिन्ही बाजूंनी चित्र दाखविणारा स्कॅन घेतात. रोग्यास संपूर्ण भूल देण्याचे बहुधा कारण पडत नाही. इंजेक्शनाने तेवढी जागा बधिर होते. रोगी जागा असतो, आवाज ऐकतो, दाब जाणवतो, पण वेदना होत नाही. मग हिरडीला छेद देऊन ती पुस्तकाच्या पानाप्रमाणे बाजूला करतात. मुळाच्या टोकावरच्या हाडात लहानशी खिडकी पाडतात. रोगाने ती कित्येकदा आधीच पाडलेली असते. तेथील रोगट मांस खरवडून काढतात आणि ते तपासणीस पाठविणे श्रेयस्कर असते. नंतर मुळाचे टोक सुमारे तीन मिलिमीटर कापतात, म्हणजे शाळवाच्या दाण्याहूनही लहान तुकडा. एवढेच का? कारण नलिकेच्या बहुतेक फांद्या याच तीन मिलिमीटरांत असतात. टोक कापून काम संपत नाही. उघड्या पडलेल्या नलिकेत खालून आणखी तीन मिलिमीटर खोल खाच करून ती सिमेंटने बंद करतात. हिरडी पुन्हा जागेवर बसवून टाके घालतात.

जुन्या पद्धतीत हे सर्व उघड्या डोळ्यांनी चाले. आत दिसावे म्हणून मूळ तिरपे कापावे लागे, खाच मोठ्या गिरमिटाने पाडीत आणि चांदी-पाऱ्याचे मिश्रण भरीत. १९९० नंतर तीन सुधारणा झाल्या. पहिली, शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप. दुसरी, ध्वनिलहरींच्या कंपनावर चालणारी अगदी बारीक टोके, ज्यांमुळे मूळ सरळ कापून नलिकेच्या रोखानेच खाच करता येते. आणि तिसरी, एम्. टी. ए. हे सिमेंट. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी ते पुढे आणले आणि १९९३ साली त्यावरील पहिले लेख प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, ते बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटाचेच शुद्ध भावंड आहे. इतर पदार्थांना ओल चालत नाही. हे ओलीतच घट्ट होते आणि हाड त्याच्याजवळ निमूटपणे भरून येते.

परिणाम काय झाला? २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. जुन्या पद्धतीने शंभरांत सुमारे ५९ दात बरे झाले होते, नव्या पद्धतीने ९४. हे आकडे निवडक रोग्यांचे, जाणत्या हातांचे आणि पहिल्या काही काळाचे आहेत. वर्षे जातात तसे ते काहीसे खाली येतात. तरीही ज्या दाताला आपण ब्याद म्हणत होतो, त्याच्या दृष्टीने ही आशा थोडी नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस गाल सुजतो. बाहेरून बर्फाने शेकावे, मऊ खावे, सांगितलेली औषधे घ्यावीत, ओठ ओढून जखम पाहू नये आणि तंबाखूला हात लावू नये. टाके काही दिवसांत काढतात. हाड भरून येण्यास मात्र सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. म्हणून पुन्हा फोटो काढण्यास यावेच. दुखत नाही म्हणून न येणारा रोगी स्वतःचाच घात करतो.

येथे दुसरी बाजू सांगितली नाही तर ते भाषण न राहता जाहिरात होईल. प्रत्येक दात राखण्याजोगा नसतो. मूळ उभे तडकले असेल, हिरडीच्या रोगाने हाडाचा आधार गेला असेल, किंवा वर कॅप बसविण्यापुरताही दात उरला नसेल, तर तो काढणेच हिताचे. खालच्या मागच्या दाढांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावल्यास ओठ काही काळ, क्वचित कायमचाही, बधिर होऊ शकतो. वरच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या पोकळीला भिडलेली असतात. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, यांपैकी काहीही असेल तर ते आधी सांगावे, लपवू नये. आणि जो वैद्य फोटो न पाहता काढा म्हणतो, किंवा फोटो न पाहता वाचवतोच म्हणतो, त्या दोघांपासूनही जपून असावे.

आता खर्चाचा प्रश्न. तो खरा आहे, आणि पोटास चिमटा बसणाऱ्या माणसापुढे शास्त्राच्या गप्पा मारणे आम्हांस आवडत नाही. दात काढण्यास थोडे पैसे आणि एक दिवस लागतो. राखण्यास जास्त पैसे आणि चार-सहा खेपा लागतात. परंतु हिशोब तेथे पुरा होत नाही. काढलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवावयाचा तर दोन्ही बाजूंचे निरोगी दात कोरावे लागतात. इम्प्लांटचा खर्च निराळाच. दुसरे असे की, एके काळी या देशात दंतवैद्यच विरळा होता. कलकत्त्यास १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले, मुंबईस नायर रुग्णालयाचे महाविद्यालय १९३३ साली निघाले, आणि धंद्यास शिस्त लावणारा कायदा १९४८ साली झाला. त्यापूर्वी बाजाराच्या दिवशी चिमटा घेऊन बसणारा माणूस हाच आपला दंतवैद्य होता. आज सांगली, कराड आणि कोल्हापूरच्या परिसरात दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. पलूसहून तेथे जाऊन दिवे लागणीला घरी परतता येते. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात. निदान काढण्यापूर्वी तेथे एकदा दाखवून यावे.

शेवटी एक गोष्ट विशेषतः घरच्या कर्त्या मंडळींस सांगावयाची आहे. घरात दात दुखला तर कोणाचा राखला जातो आणि कोणाचा काढला जातो, याचा कधी विचार केला आहे काय? मुलाला खेळताना चेंडू लागून पुढचा दात दुखावला, तर त्याला सांगलीस नेतात. तीच गोष्ट मुलीची असेल, तर लग्नाच्या वेळी पाहू, म्हणतात. आणि दोन-चार वर्षांनी दात काळा पडून पुळी आली म्हणजे धावपळ होते. घरातील बाईची दाढ ठणकली तर ती मिश्री लावून दिवस ढकलते. मिश्री ही जळकी तंबाखू आहे. तिने वेदना घटकाभर बधिर होते, रोग वाढत राहतो, हिरड्या सुटतात आणि कर्करोगाला दार उघडते. मग चाळिशीतच त्या बाईच्या दाढा जातात आणि भाकरी कालवणात भिजवून गिळण्याची वेळ येते. जिच्या हातची भाकरी सारे घर चावून खाते, तिलाच ती चावता येऊ नये, हे आम्हांस बरे दिसत नाही.

चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आपल्याकडे आहे. तिच्यात नशिबाला बोल लावलेला आहे. पण दातांच्या बाबतीत नशिबाचा वाटा थोडा आणि हेळसांडीचा मोठा. सकाळी आणि रात्री निजताना दात घासावेत, वर्षातून एकदा दाखवावेत, ठणका थांबला तरी वैद्याकडे जावे, आणि काढा म्हणण्यापूर्वी, "हा राखता येईल काय?" एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर कधी नाही असे येईल. तेव्हा निमूटपणे काढून घ्यावा. परंतु प्रश्नच न विचारल्यामुळे आजवर जितके दात गेले, तितके यापुढे या पंचक्रोशीत जाऊ नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.